आधी मुलीनं घर बघायचं

विमलताई,

तुम्ही जाऊन आज नऊ दिवस झाले. काल मी आपलं वधू-वर केंद्र उघडलं. निदान तेरावा तरी होऊ दे, असं सगळे म्हणत होते. पण आपल्याकडे मंगळवार सोडून सुट्टी नाही, आणि हा नियम तुमचाच. कुलूप काढलं, खिडक्या उघडल्या, खालच्या गिरणीचं पीठ नेहमीसारखं टेबलावर येऊन बसलं होतं ते पुसलं. तेवढ्यात फोन. चिंचवडहून कुणी गृहस्थ बोलत होते. मुलगा आयटीत, स्वतःचा फ्लॅट, मुलगी बघायला कधी जायचं ते सांगा म्हणाले. मी म्हटलं, "अहो, आमच्याकडे आधी मुलगी येते, तुमचं घर बघायला." मग म्हणाले, "जरा ताईंना द्या ना. त्यांच्याशीच बोलतो."

मी म्हटलं, "ताई नाहीत."

फोन ठेवला आणि मग रडू आलं. दवाखान्यात आलं नव्हतं, वैकुंठ स्मशानभूमीतही नाही. इथे, तुमच्या फायलींच्या कपाटासमोर आलं. आणि रडतानाही मी समोरचे फॉर्म बाजूला सरकवले. कारण किती मुलींना तुम्ही सांगितलंत, "रडून घे पोटभर, पण फॉर्मवर नको. शाई पसरते."

मी पहिल्यांदा आले तेव्हा माझाही फॉर्मच घेऊन आले होते. म्हणजे वडील घेऊन आले होते, मी मागे उभी. अठ्ठाविसावं सरलेलं, लग्न मोडून दोन वर्षं झालेली. वडिलांनी 'इतर माहिती' या रकान्यात सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं, 'घटस्फोटित, परंतु मुलीचा दोष नाही.' तुम्ही चष्म्यावरून त्यांच्याकडे पाहिलंत. "दोष असता तर लिहिला असतात का?" आणि ते अर्धं वाक्य सरळ खोडून टाकलंत. मग वडिलांना ओलांडून माझ्याकडे बघत विचारलंत, "तुम्हाला लग्न करायचंय का?"

ताई, तोवर मला हे कुणी विचारलंच नव्हतं. पहिल्या लग्नाच्या वेळीही नाही आणि दुसऱ्याची खटपट चालली होती तेव्हाही नाही. मी म्हटलं, "माहीत नाही."

"मग माहीत होईपर्यंत फायली लावा. अकरा ते सहा. पगार फार नाही." वडील काही बोलायच्या आत तुम्ही मला कपाटाची किल्ली दिली होतीत. नवरा शोधायला गेलेली मुलगी नोकरी घेऊन घरी आली, हे आमच्या आईला पुढे कित्येक वर्षं नातेवाइकांना नीट समजावून सांगता आलं नाही. मला लग्न करायचंय की नाही हे मला अजून माहीत नाही. फायली मात्र चोख लागल्या आहेत.

तुमचा नियम मला आधी विक्षिप्तपणा वाटायचा. बाकी सगळ्या केंद्रांत मुलाकडचे मुलगी बघायला जायचे, पोहे खायचे, आणि 'कळवतो' म्हणून उठायचे. आपल्याकडे आधी मुलीनं मुलाचं घर बघायचं. तेही सांगितलेल्या वेळेच्या अर्धा तास आधी जाऊन. "वेळेवर गेलं की आवरलेलं घर दिसतं. आपल्याला राहतं घर बघायचंय." आणि गेल्यावर पाणी मागायचं नाही, 'मीच घेते' म्हणत उठून स्वयंपाकघरात जायचं. तिथे जाऊन काय बघायचं, असं मुली विचारायच्या. फ्रिज, मिक्सर, ओटा? तुम्ही म्हणायचात, "त्या घरातल्या बाईला बसायला जागा आहे का, तेवढं बघ."

मुली हसायच्या. मीही हसले होते. मग एका दुपारी तुम्ही मला त्या खुर्चीची गोष्ट सांगितलीत, आपल्याकडे येणारी प्रत्येक मुलगी जिच्यावर बसते त्या लाकडी घडीच्या खुर्चीची. तुम्ही लग्न होऊन ज्या घरात आलात तिथे पुरुषांसाठी बैठकीत खुर्च्या होत्या, आणि स्वयंपाकघरात फक्त ओटा. सासूबाई उभ्या, म्हणून तुम्हीही उभ्या. चहा उभ्यानं, जेवण उभ्यानं, तापात कणीक तिंबली तीही उभ्यानं. टेलिफोन खात्यात ऑपरेटर म्हणून लागलात आणि पहिल्या पगारातून ही खुर्ची आणून स्वयंपाकघरात ठेवलीत. घरात तीन दिवस कुणी बोललं नाही. सासूबाई तर खुर्चीला वळसा घालून जायच्या. आणि एक दिवस तुम्ही ड्युटीवरून लवकर परतलात तर सासूबाई त्या खुर्चीवर बसून, पाय जरा पुढे सोडून, शेंगा निवडत होत्या. तुम्ही दारातूनच मागे फिरलात आणि मंडईत एक चक्कर मारून आलात. "मी दिसले असते तर उठल्या असत्या ना गं," म्हणालात. सांगताना तुमचा आवाज बदलला होता. तुमच्या तोंडून इतका हळू आवाज मी फार कमी वेळा ऐकला.

एरवी तुमचा आवाज कसा होता ते साऱ्या पेठेला ठाऊक आहे. आपल्या दारावरची पाटी, 'मुलीची उंची विचारण्यापूर्वी मुलाची सांगावी', ही तुमची त्यातल्या त्यात सौम्य भाषा. एक आई कौतुकानं सांगत होत्या, "आमच्या मुलाला साधा चहासुद्धा कधी करावा लागला नाही हो." तुम्ही लगेच मला म्हणालात, "शैला, लिहून घे. चहा येत नाही." आणि ते हडपसरचे गृहस्थ आठवतात? सून इंजिनिअर हवी, मोठ्या कंपनीत हवी, पगार दणदणीत हवा, पण सहाच्या ठोक्याला घरात हवी. तुम्ही खिडकीतून खाली बोट दाखवलंत. "मग गिरणीत विचारून बघा. ती बरोबर सहाला बंद होते."

लोक रागावून जायचे आणि पुन्हा यायचे. कारण तुम्ही जमवलेली लग्नं टिकत होती. पुण्यात तेव्हा सगळं भराभर बदलत होतं. काल शेत होतं तिथे आज काचेची इमारत, आणि त्या इमारतीत आपल्या फॉर्मवरच्या मुली गळ्यात ओळखपत्र अडकवून जायला लागल्या. रकानेही बदलले, पगाराच्या जागी 'पॅकेज' आलं. मुलीचं पॅकेज मुलापेक्षा जास्त नको, हे मात्र जुन्याच शाईनं लिहिलं जायचं. तुम्ही त्या ओळीखाली लाल रेघ मारायचात आणि तो फॉर्म गठ्ठ्याच्या तळाशी जायचा.

सगळंच मला पटत होतं असं नाही. जातीचा रकाना तुम्ही शेवटपर्यंत काढला नाहीत. यावरून आपलं किती वेळा वाजलं. मी म्हणायची, बाकी सगळे रकाने खोडता, याच्यावर का हात थरथरतो? तुम्ही म्हणायचात, "काढला तर लोक कानात विचारतील. लिहिलेलं दिसतं तरी." मला ही पळवाट वाटायची. आजही वाटते. गेल्या महिन्यातसुद्धा दवाखान्यात मी हा विषय काढला तर तुम्ही भिंतीकडे तोंड केलंत. हा वाद तुम्ही अर्धवट टाकून गेलात, आणि आता फॉर्म माझ्या हातात आहेत. यंदा छापताना मी तो रकाना काढणार आहे. रागवा.

दुसरा वाद वेबसाइटचा. मुली आता घरबसल्या फोटो बघतात, स्वतः मुलाशी बोलतात, आपला नियम जुना झाला, असं मी सांगत होते. केंद्रात येणारी माणसं अर्ध्यावर आली होती. तुम्ही एकदा माझ्या फोनवर कुठल्याशा स्थळाच्या हॉलचा फोटो बघितलात, सोफा, झुंबर, काचेचं टेबल. फोन मला परत देत म्हणालात, "घर छान आहे. बाई कुठे बसते?"

ताई, मी हादरले. का, ते आज सांगायचंय.

अश्विनीची गोष्ट तुम्हाला सांगायची गरज नाही, पण मला पहिल्यापासून सांगावीच लागेल. येरवड्याची मुलगी, वडील सरकारी खात्यात हेडक्लार्क, घरातली पहिली इंजिनिअर. हिंजवडीला नोकरी, चेहऱ्यावर हुशारी. त्याच वेळी तुमचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि तीन आठवडे केंद्र माझ्यावर आलं. तुम्ही हिरवी पट्टी बांधून पडल्या पडल्या बजावलंत, "नियम तेवढा सांभाळ." आणि नेमकं तेव्हाच अमेरिकेतलं स्थळ आलं. मुलाला दोन आठवड्यांची रजा, तेवढ्यात मुलगी ठरवून साखरपुडा करून जायचं होतं. बघायला त्याचं घर कुठे होतं? ते समुद्रापार. म्हणून मी अश्विनीला घेऊन कोथरूडला त्याच्या आईवडिलांकडे गेले. नियमाप्रमाणे अर्धा तास आधी.

ते आत स्वयंपाकघरात टेबलाशी जेवायला बसले होते. वडील, थोरला मुलगा आणि तो. अश्विनी 'पाणी मीच घेते' म्हणत उठली, मी तिच्यामागे. माणसं चार होती आणि टेबलाला खुर्च्याही चार. चौथीवर इस्त्रीच्या शर्टांचा गठ्ठा होता. त्याची आई ओट्याशी उभी, ताटली ओट्यावर, एका हातानं घास आणि दुसऱ्या हातानं पोळी उलटत होती. मी म्हटलं, "अहो, बसा ना." तर हसून म्हणाल्या, "सवय आहे हो. मला असंच आवडतं." टेबलापाशी बसलेल्यांपैकी एकानंही मान वर केली नाही. त्यानंही नाही.

मी बघितलं, ताई. मला सगळं कळलं, तुम्हीच तर शिकवलं होतंत. पण मी मनाला म्हटलं, हिला कुठे या घरात राहायचंय, ही तर अमेरिकेला जाणार. आणि खरं सांगू? मला ते स्थळ जमवायचं होतं. तुम्ही नसताना, माझ्या एकटीच्या हातून, एवढं मोठं. 'मुलीने घर पाहिले' या ओळीपुढे अश्विनीची सही होती. त्याच्या खाली, 'केंद्रातर्फे समाधान', इथे मी सही केली.

लग्न होऊन अमेरिकेला गेलेली अश्विनी सात महिन्यांनी एक बॅग घेऊन परत आली. तिकडे नोकरीची परवानगी नव्हती, गाडी शिकायची परवानगी त्यानं दिली नव्हती. "कुठे जायचंय तुला?" म्हणायचा. पासपोर्ट त्याच्या ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये. आईवडिलांशी फोन, पण तो समोर बसलेला असताना. शेजारच्या एका बाईनं मदत केली, वकिलातीतून नवे कागद मिळवून दिले, म्हणून ती निघू शकली.

तिचे वडील आले ती दुपार मला रोज दिसते. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. खुर्ची दिली तरी बसले नाहीत. इतकंच विचारलं, "ताई, घर बघितलं होतं ना?" तुम्ही फाइल काढलीत, फॉर्म उलटलात, शेवटच्या ओळीवर तुमचं बोट थांबलं. मी कपाटाच्या दाराआड उभी होते. आता माझं नाव येणार, असं मी धरूनच चालले होते. तुम्ही फाइल मिटलीत आणि म्हणालात, "केंद्र माझं आहे. चूक माझी. मी येते तुमच्याकडे."

आणि गेलात. एकदा नाही, वर्षभर दर गुरुवारी, दोन बस बदलून, पिशवीत मंडईतली काहीतरी भाजी घेऊन. वकील गाठून दिलात. अश्विनी घराबाहेर पडायला तयार नव्हती, तिला तुम्ही म्हणालात, "तुझं लग्न मोडलंय, डिग्री नाही." जुन्या कंपनीत जायची तिला लाज वाटत होती, म्हणून तुम्ही बरोबर गेलात. त्या चकचकीत स्वागतकक्षात, सुती साडीत, मांडीवर मेथीची जुडी घेऊन दोन तास बसलात. ती आत गेली, तिची मुलाखत झाली, ती हसत बाहेर आली, मग उठलात. हे मला तुम्ही सांगितलं नाहीत, अश्विनीनं सांगितलं. माझ्याशी तुम्ही त्या प्रकरणाबद्दल एक अक्षर बोलला नाहीत. मला वाटलं, ऑपरेशनच्या गडबडीत त्या घरी कोण गेलं, काय बघितलं, हे तुम्हाला कळलंच नसावं. सही केली ती नुसती कागदावर, एवढंच तुम्ही धरून चालल्या असाल. आणि मी त्या समजुतीच्या आड तेरा वर्षं लपले.

परवा तुमच्या घरी अश्विनी आली होती. आता पस्तिशी ओलांडली, हाताखाली चाळीस माणसं, केस आखूड, चालणं भरभर. तुमच्या फोटोला हार घातला आणि माझ्याजवळ येऊन बसली. मला राहवलं नाही. तिचा हात धरला आणि म्हटलं, "अश्विनी, त्या दिवशी कोथरूडला मी सगळं बघितलं होतं गं. त्या बाई उभ्या होत्या. मी बोलले नाही."

ती शांतपणे म्हणाली, "मीही बघितलं होतं की. मला काय डोळे नव्हते? पण मला अमेरिका हवी होती, शैलाताई. आपण दोघींनी बघितलं आणि दोघी गप्प बसलो." मग म्हणाली, "विमलताईंना मी पहिल्याच गुरुवारी सांगितलं होतं. त्या शर्टांच्या गठ्ठ्याचंसुद्धा."

मी म्हटलं, "त्यांना माहीत होतं?"

"हो. तुम्हाला विचारू नकोस म्हणाल्या. म्हणाल्या, तिला सांगायचंय, मला दिसतंय. ती सांगेल तेव्हा ऐकेन."

ताई, तेव्हा मला आपला चार वाजताचा चहा आठवला. रोज चहा आला की तुम्ही चष्मा काढून टेबलावर ठेवायचात, माझ्याकडे बघायचात आणि विचारायचात, "काही बोलायचंय का, शैला?" मी ती तुमची लकब समजत होते, एखाद्याला जेवण झालं का विचारतात तशी. मी म्हणायची, "छे, काय बोलायचंय." तुम्ही चष्मा घालायचात आणि पुढचा फॉर्म ओढायचात. ती लकब कधी सुरू झाली, हे मी कधी आठवूनच पाहिलं नव्हतं. अश्विनीचे वडील येऊन गेले, त्यानंतर. दवाखान्यात नळ्या लावलेल्या असतानाही चार वाजता तुम्ही डोळे उघडून माझ्याकडे पाहिलंत. विचारायला आवाज नव्हता. मी तुमची चादर सारखी केली.

तुम्ही मला पाठीशी घातलंत, कामावर ठेवलंत, पुढे केंद्राची किल्ली दिलीत, माणसांसमोर 'ही माझा उजवा हात' म्हणालात, आणि हे सगळं ती सही माहीत असताना. मी यासाठी तुमचे आभार मानू की तुमच्यावर रागवू, मला कळत नाहीये. एकदा तरी खडसावायचं होतंत. साऱ्या पेठेला बोलत होतात, मलाच तेवढं सोडलंत.

आता चार वाजलेत. चहा आलाय, सवयीनं दोन कप. आज मी टेबलामागे बसले नाही. समोरच्या तुमच्या घडीच्या खुर्चीवर बसले आहे, जिथे मुली बसतात.

ताई, मी ते घर बघितलं होतं. त्या बाई उभ्यानं जेवत होत्या, आणि चौथी खुर्ची शर्टांना दिलेली होती. मला दिसली होती. तरी सही मी केली.

एवढंच बोलायचं होतं.